दुर्बीण आली, पण झीरो कोणी केली?

(पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.)

सरकारने वस्तू विकत घेतली की काम झालं, असं आपण धरून चालतो. उद्घाटन होतं, फोटो येतो, खर्चाचा आकडा फलकावर लागतो. ती वस्तू पुढे नीट चालते का, हे मात्र कोणी विचारत नाही. ही सवय फक्त आपलीच नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने हेच केलं आणि त्याची किंमत खंदकातल्या साध्या शिपायांनी मोजली. विषय आहे रायफलीवर लावायच्या दुर्बिणीचा.

आधी झीरो करणं म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

रायफलीवर नवी दुर्बीण बसवली म्हणजे गोळी लगेच नेमावर लागते असं नाही. दुर्बीण नळीच्या वर असते, म्हणजे डोळ्याची रेषा वेगळी आणि गोळीची वाट वेगळी. त्यात गोळी सुटल्यापासून नळीच्या रेषेखाली ढळत जाते. म्हणून एक अंतर ठरवायचं, समजा १०० यार्ड, आणि तिथे दुर्बिणीतली खूण जिथे टेकेल तिथेच गोळी लागेल असं दोन्हींचं जुळवून घ्यायचं. याला म्हणतात झीरो करणं.

पद्धत सोपी आहे, पण घाई चालत नाही. आधी दुर्बिणीच्या पट्ट्यांचे स्क्रू घट्ट आहेत का ते बघायचं. रायफल वाळूच्या पोत्यावर टेकवायची आणि एकाच जागी नेम धरून तीन ते पाच गोळ्या झाडायच्या. कॉलेजात एन.सी.सी.त असताना आम्हाला पॉइंट टू टू रायफल मिळायची. तिला दुर्बीण नव्हती, पण उस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की गोळ्या मधोमध लागल्या की नाहीत ते नंतर बघू, आधी त्या एकमेकींजवळ लागू देत. याला ग्रुप म्हणतात. ग्रुप घट्ट असेल आणि फक्त बाजूला पडत असेल, तर दुर्बिणीच्या चकत्या फिरवून तो मध्यावर आणता येतो. गोळ्याच विखुरल्या असतील तर चकती फिरवून काही उपयोग नाही. दोष स्क्रूत, काडतुसात किंवा माणसात असतो.

नवी दुर्बीण तपासायची एक जुनी रीत आहे. नेम तोच ठेवायचा. चकती उजवीकडे, मग वर, मग डावीकडे, मग खाली, प्रत्येक वेळी सारखेच खटके फिरवायची आणि दर टप्प्याला गोळ्या झाडायच्या. शेवटचा ग्रुप पहिल्या ग्रुपवर येऊन पडला तर दुर्बीण भरवशाची. काडतूस मात्र शेवटपर्यंत एकाच जातीचं हवं.

एवढी काटेकोर तपासणी कशाला? १०० यार्डांवर ३ इंचांची चूक ३०० यार्डांवर ९ इंचांची होते. खंदकाच्या कडेवरून डोकावणारं डोकं जेमतेम तेवढं असतं.

आता १९१४-१५ च्या फ्रान्समध्ये जाऊ. दोन्ही सैन्यं समोरासमोर खंदकात बसलेली. जर्मनीत शिकारीची परंपरा होती, दुर्बिणी बनवणारे कारखाने होते. शिकाऱ्यांच्या दुर्बीणवाल्या रायफली गोळा करून आघाडीवर पाठवल्या गेल्या. त्यातल्या कित्येक जुन्या काडतुसाच्या होत्या, सैन्याचं नवं टोकदार काडतूस त्यात चालत नसे. म्हणून त्या रायफलींवर तशी सूचना देणारी पत्र्याची पट्टी ठोकलेली असे. पट्टी साधी, पण रायफल हातात घेणाऱ्या माणसाचा विचार कोणीतरी केला होता.

ब्रिटिशांकडे दुर्बिणी कमी होत्या, कारण दुर्बिणीची चांगली काच बरीचशी जर्मनीतूनच यायची! तरी हळूहळू दुर्बिणी बनल्या, रायफलींवर चढल्या, आघाडीवर पोचल्या. कागदावर प्रश्न सुटला.

त्याच सुमाराला हेस्केथ-प्रिचर्ड नावाचा एक अधिकारी फ्रान्समध्ये आला. शिकारी, प्रवासी, लेखक आणि हॅम्पशायरकडून खेळलेला वेगवान गोलंदाज. याचा जन्म १८७६ सालचा आणि तोही झाशीचा. जन्माआधीच वडील वारले होते. सैन्याने त्याला काम दिलं होतं वार्ताहरांना आघाडी दाखवायचं. तिथे त्याने जे पाहिलं ते १९२० साली पुस्तकात लिहिलं. एका पलटणीची एका दिवसात अठरा माणसं जर्मन नेमबाजांनी टिपल्याचं त्याने नोंदवलंय.

मग आपल्या दुर्बिणी काय करत होत्या? त्याने त्या रेंजवर नेऊन तपासल्या, तेव्हा कित्येक रायफली नेम सोडून भलतीकडेच मारत होत्या. कारखान्यातून बरोबर निघालेली रायफल आघाडीवर येईपर्यंत आपटत, धडकत यायची. पलटण बदलली की रायफल खंदकातल्या फावड्या-घमेल्यांसारखी पुढच्या पलटणीच्या ताब्यात जायची. आधीच्या माणसाला तिची खोड ठाऊक, नव्याला काहीच नाही. झीरो म्हणजे काय हे अनेकांना कोणी शिकवलंच नव्हतं.

त्यात दुर्बीण बसवली होती रायफलीच्या डाव्या अंगाला! कारण वरून पाच-पाच काडतुसं भरायची सोय मोडू नये. ठरवणाऱ्याला ती सोय महत्त्वाची वाटली. पण दुर्बीण बाजूला गेली की दोन रेषांचा मेळ वर-खाली आणि आडवा, असा दोन्हीकडे सांभाळावा लागतो. शिवाय पोलादी पत्र्यातल्या अरुंद भोकातून नळी बाहेर काढली की दुर्बिणीसमोर पत्राच यायचा.

हेस्केथ-प्रिचर्डने काय केलं? ओळखीपाळखीतून आणि वर्गणीतून रायफली, दुर्बिणी जमवल्या. आघाडीच्या मागे रेंज उभारल्या, रायफली पुन्हा झीरो करवल्या, माणसं शिकवली. १९१६ मध्ये लिंगेम या गावी फर्स्ट आर्मीची नेमबाजी आणि टेहळणीची शाळा सुरू झाली, ती त्याच्याच हाताखाली. १९२२ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी तो वारला.

माणसं मारायची विद्या आहे ही. तिचं कौतुक करायला मी बसलेलो नाही. मला लिहावंसं वाटलं ते यातून पुढे निघालेल्या एका धड्यामुळे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी 'नंबर ४ टी' रायफल काढली. दुर्बीण आता डावीकडून नळीच्या वर आली. वर-खाली आणि डावं-उजवं, दोन्हींसाठी बाहेरून फिरवता येणाऱ्या चकत्या आल्या. आणि सगळ्यात साधी गोष्ट म्हणजे दुर्बिणीचा नंबर रायफलीच्या लाकडावर ठोकला, रायफलीचा नंबर दुर्बिणीच्या पट्टीवर. एकदा झीरो केलेली जोडी फुटू नये म्हणून! नंबर ठोकायला खर्च तो काय? पण जोडी जपायला तो हवाच.

आता आपल्या गावाकडे या. आरोग्य केंद्रातलं रक्तदाब मोजायचं यंत्र, रेशन दुकानातला वजनकाटा, शाळेतला संगणक, पाणी योजनेचं मीटर. खरेदीचा आकडा आपल्याला तोंडपाठ असतो. पण वजनकाट्यावर पडताळणीची ताजी मोहर आहे का? रक्तदाबाचं यंत्र शेवटचं कधी तपासलं? जिला शिकवलं होतं त्या सिस्टरची बदली झाली, मग नव्या सिस्टरला कोणी शिकवलं? आकडा चुकला तर गोळीचा डोस चुकतो, काटा चुकला तर एखाद्या घरचे गहू कमी पडतात.

पुढच्या ग्रामसभेत किती खर्च झाला हे जरूर विचारा. त्याच्या जोडीला एवढंही विचारा की यंत्र तपासलं कोणी, कधी, आणि त्याची नोंद कुठल्या वहीत आहे. नोंद असेल तर पानाचा फोटो मागा. नसेल तर त्याच सभेत एकाचं नाव ठरवून इतिवृत्तात लिहून घ्या.

तुमच्या गावात असं न तपासलेलं काय काय पडून आहे, खाली लिहा. यादी करू.