मूळ रंग कोणता?

आमच्या अंगणात ताडपत्रीखाली एक पांढरी प्रीमियर पद्मिनी उभी असते. १९७८ सालची. बाबांनी ती १९९१ मध्ये मुंबईहून बडोद्याला आणली. तिची कथा ते नेहमी एकाच वाक्यात सांगत : मुंबईतल्या एका डॉक्टरची गाडी, एकहाती वापरलेली. बाबा गेल्यावर दोन वर्षं ती जागची हलली नाही. दारांच्या खालच्या कडांना गंज धरला, बॉनेटवरचा रंग खडूसारखा हाताला लागू लागला. डेंटिंग-पेंटिंगचा खर्च विचारला, तेव्हा जो आकडा समोर आला त्यात माझ्या दोन कादंबऱ्यांच्या अनुवादाचं मानधन गेलं असतं. म्हणून ठरवलं, की रंग आपणच द्यायचा. याआधी मी रंगवलेली सर्वांत मोठी वस्तू म्हणजे पुस्तकांचं कपाट.

पहिली चूक म्हणजे ऑगस्टचा मुहूर्त. भाड्याचा कंप्रेसर आणला, डिकीचं झाकण काढून दोन स्टुलांवर ठेवलं आणि त्यावर ड्युको मारला. दहा मिनिटांत चकाकी जाऊन पृष्ठभागावर दुधाळ साय आली. या रंगातला थिनर झपाट्याने उडतो आणि उडताना पत्र्याला गार करतो. हवेत दमटपणा असला की त्या गार थरावर दव धरतं आणि ते रंगातच अडकून बसतं. ते घासून काढून उघडिपीच्या दिवशी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी रंग पांढरा झाला नाही, पण भाजलेल्या पापडासारखा सुरकुतला.

गल्लीच्या टोकाला एक वृद्ध मिस्त्री राहतात. चाळीस वर्षं त्यांनी गाड्या रंगवल्या. आता दम्यामुळे बंदूक धरत नाहीत. त्यांनी नखाने एक सुरकुती उचलली आणि म्हणाले, "बेन, खाली सिंथेटिक एनॅमल आहे. ड्युकोवर एनॅमल चालतं, पण एनॅमलवर ड्युको नाही. वरचा थिनर खालच्याला उचलतो." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "डॉक्टरची गाडी म्हणता ना? मग हिला फाटकाचा रंग कोणी दिला?"

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मात्र ड्युको या शब्दाच्या मागे मी लागले. आपल्याकडे सुतारही 'ड्युको फिनिश' म्हणतात, त्यामुळे मला तो कुठल्याशा पद्धतीचा देशी उच्चार वाटत होता. तो निघाला अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीचा व्यापारी छाप. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात रंगकाम घोडागाडीसारखंच चाले. तेलरंग आणि व्हार्निशचे हात ब्रशने द्यायचे, प्रत्येक हात वाळू द्यायचा, घासायचा. एका गाडीला कित्येक आठवडे लागत. हेन्री फोर्डने १९१४ नंतर दहा-अकरा वर्षं आपली मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली, कारण तो काळा रंग स्वस्त होता आणि टिकाऊही. हे चित्र पालटलं नायट्रोसेल्युलोजने. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की हा पदार्थ मिळतो. एकोणिसाव्या शतकात त्यापासून तोफांची दारू झाली, मग सिनेमाची फिल्म. ड्यूपाँट आणि जनरल मोटर्स यांनी त्याचा मिनिटांत सुकणारा, फवारून देता येणारा रंग केला, आणि १९२४ च्या ओकलंड मोटारी निळ्या रंगात बाहेर पडल्या. आठवड्यांचं काम तासांवर आलं. रंग ही निवडीची आणि फॅशनची गोष्ट झाली. पुढे मेक्सिकोच्या सिकेरोसने हाच मोटारीचा रंग चित्रांसाठी वापरला. न्यूयॉर्कमधल्या त्याच्या १९३६ च्या कार्यशाळेत तरुण जॅक्सन पोलॉकही होता.

माझ्यासारख्या नवशिक्यालाही मिस्त्रींनी ड्युकोच सुचवला. आजच्या गाड्यांचे दोन घटकांचे पॉलियुरेथेन रंग जास्त टिकतात, पण त्यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसांना घातक आहे आणि घरगुती मास्क त्याला पुरत नाही. ड्युकोलाही मोकळी हवा आणि वाफा अडवणारा कार्ट्रिज मास्क हवाच, शिवाय आसपास ठिणगी नको. पण त्यात चुकांना माफी आहे. ओघळ आला तर वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा मारायचा. अट एकच : खालचं एनॅमल पूर्ण काढायचं.

ऑक्टोबरमध्ये हवा कोरडी झाली आणि मी घासायला बसले. सगळं घासकाम ओलं, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ उडता कामा नये. पहिल्या दिवशी डाव्या दारावर पांढऱ्याखाली काळा लागला. डॉक्टरांची गाडी काळी असेल, असं मी स्वतःला सांगितलं. काळ्याखाली करडा प्रायमर, त्याखाली पत्रा. घासलेल्या जागी थर एकात एक वर्तुळांसारखे दिसत होते, समुद्राच्या नकाशात खोली दाखवतात तसे. तिसऱ्या दिवशी टपावर चढले. तिथे पांढऱ्याखाली काळा नव्हता. पिवळा होता.

पेपर बादलीत टाकून मी खाली उतरले. काळं अंग आणि पिवळा टप. याचा अर्थ लावायला तौलनिक साहित्याची पदवी लागत नाही.

ही गाडी ज्या कारखान्यातून आली त्याचा इतिहास मुंबईच्या कुर्ल्यात सुरू होतो. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. सुरुवातीला क्रायस्लरशी करार करून डॉज, डिसोटो, प्लिमथ या अमेरिकी गाड्या जुळवल्या; मग फियाट आली. १९६४ पासून इथे बनू लागलेली फियाट ११०० डिलाइट १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगजवळ. त्या काळात नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे. मध्यमवर्गाने तिला लग्नाच्या वराती आणि महाबळेश्वरच्या सहलींसह लक्षात ठेवलं. पण मुंबईचं पोट तिच्या दुसऱ्या रूपावर चालत होतं. टप पिवळा कारण लांबून दिसतो, खालचं अंग काळं कारण डाग लपतात, असं त्या रंगसंगतीचं कारण सांगितलं जातं. खाजगी फियाट आणि टॅक्सी एकाच कारखान्यातून निघत. त्यांना वेगळं करत होता तो फक्त रंग.

आणि तो रंग आमच्या घरात बत्तीस वर्षं लपवून ठेवला होता.

आरसी बुक काढून पाहिलं. ते बडोद्याच्या नोंदणीचं, जीजे-६ पासून सुरू होणारं. रंगाच्या रकान्यात पांढरा. मुंबईचे कागद घरात कुठेच नव्हते. संध्याकाळी आईला अंगणात आणलं. तिने टपाकडे पाहिलं आणि नवल अजिबात केलं नाही. "तेवढेच पैसे होते," ती म्हणाली. "टॅक्सी घेतली म्हटलं असतं तर तुझ्या आत्याकडे काय बोलले असते? यांनी रंग देऊनच गाडी गावात आणली."

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टर कुठून येणार? कुणी ड्रायव्हर होता. गावी परत चालला होता म्हणे. यांनी त्याला दोनदा विचारलं, गाडी द्यायचं नक्की का, म्हणून. नाव मला कधी सांगितलं नाही."

मला राग आला तो बाबांच्या खोटेपणाचा नाही. मीही शाळेत 'डॉक्टरची गाडी' असंच ऐटीत सांगत असे, आणि बाबा ते ऐकत, याचा आला. तेरा वर्षं कुणीतरी हिच्यावर घर चालवलं. माझ्यासारखीच एक मुलगी कदाचित हिच्या भाड्यावर शिकली. आमच्या सांगण्यात त्या माणसाच्या जागी आम्ही एक डॉक्टर बसवला.

मग प्रश्न उरला तो कोणता रंग द्यायचा याचा. जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये मूळ रंगाला फार मान असतो. त्या हिशेबाने आमच्या गाडीचा मूळ रंग काळा-पिवळाच, कारण त्याखाली प्रायमर सोडून काही नाही. पण खाजगी गाडी टॅक्सीच्या वेशात रस्त्यावर आणणं म्हणजे आणखी एक खोटं, आणि पोलिसांना उत्तर देणं वेगळंच. अनुवाद करताना मी नेहमी मूळ संहितेच्या बाजूने भांडते. इथे मात्र मूळच्या बाजूने उभं राहायला मला अधिकार नव्हता. ते आयुष्य माझ्या घरातलं नव्हतं.

काम तीन महिने चाललं. पत्रा उघडा केला, गंज काढला, खड्ड्यांत लांबी भरली. प्रायमरवर काळ्याचा पुसट फवारा मारून ३२० च्या पेपरने घासलं. जिथे काळे ठिपके उरतात तिथे अजून खळगा आहे, हे मिस्त्रींनी शिकवलं. रंग मारताना बंदूक वीतभर अंतरावर, मनगट न वळवता पत्र्याला समांतर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा. सात हात दिले. मग बाराशे, दोन हजारचा पेपर आणि रबिंग कंपाउंड. उजव्या मडगार्डवर संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा राहिला आहे. मिस्त्री तो पाहतात आणि नम्रपणे दुसरीकडे बघतात.

हे सगळं चालू असताना ३० ऑक्टोबर २०२३ उजाडला. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी त्या दिवसापासून रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी आठवणी छापल्या, त्यांत बऱ्याचशा मागच्या सीटवर बसणाऱ्यांच्या होत्या.

गाडी आता पुन्हा पांढरी आहे. डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक तळहाताएवढी जागा मी रंगवली नाही. तिथला काळा स्वच्छ करून त्यावर फक्त पारदर्शक लॅकर दिलं. पिवळा मात्र टपाबाहेर कुठेच नव्हता, तो गेला. पाहुणे विचारतात, गाडी कुणाची होती? मी सांगते, मुंबईत टॅक्सी होती. पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा आई स्वयंपाकघरात निघून गेली. परवा आत्या आल्या होत्या. त्यांनी विचारलं, तेव्हा माझ्याआधी आईनेच सांगितलं.