मुक्या सोबत्यांची रुग्णसेवा

श्रोतेहो, कोरडी पोळी तोंडात धरून पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. माणसाने मुक्या प्राण्यावर माया करावी, हा तिचा बोध. आज जो इतिहास मी आपणांपुढे मांडणार आहे, त्यात ही देवघेव उलट दिशेने चालते. येथे घेणारा आहे तो रोगाने, शोकाने अथवा एकटेपणाने खचलेला माणूस. आणि देणारा आहे तो एखादा कुत्रा, मांजर, ससा किंवा पक्षी. घरचा पाळीव प्राणी बरोबर घेऊन इस्पितळात, वृद्धाश्रमात अथवा शाळेत नियमाने जावयाचे, तेथील माणसांना त्याचा सहवास घडवावयाचा, आणि मोबदला म्हणून काही घ्यावयाचे नाही, अशी सेवा करणाऱ्या माणसा-प्राण्यांच्या हजारो जोड्या आज निरनिराळ्या देशांत आहेत. अंधाला वाट दाखविणारा कुत्रा एका धन्याच्या चाकरीसाठी शिकविलेला असतो; हा तसा नव्हे. हा घरचाच प्राणी, आणि तो भेटीस जातो तो परक्यांच्या. हा सारा प्रकार म्हणजे सुखवस्तू लोकांची हौस, असा पुष्कळांचा ग्रह असतो. परंतु त्याचा उगम पाहू गेल्यास आपण एका अंधाऱ्या कोठडीपाशी येऊन पोहोचतो.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये वेड लागलेल्या मनुष्याला रोगी म्हणून क्वचितच वागवीत. बुद्धी गेली तेथे माणूसपण गेले, मागे उरले ते जनावर, अशी समजूत रूढ होती. आणि जनावराला जसे दावे, तशी त्याला साखळी. लंडनच्या बेथलेम इस्पितळात १८१४ साली एडवर्ड वेकफील्ड नामक गृहस्थ पाहणीसाठी गेले, तेव्हा त्यांना नॉरिस नावाचा एक रोगी आढळला. त्याच्या गळ्यात लोखंडी कडे होते, ते कडे उभ्या लोखंडी दांड्याला जखडलेले होते, आणि अशा स्थितीत त्याने सुमारे दहा वर्षे काढली होती. या हकीकतीने लोक हादरले आणि पुढल्याच वर्षी पार्लमेंटच्या समितीपुढे या इस्पितळाची चौकशी झाली.

परंतु याहून निराळी वाट तत्पूर्वीच यॉर्क शहरात निघालेली होती. तेथील वेड्यांच्या इस्पितळात १७९० साली हॅना मिल्स नावाची क्वेकर पंथातील एक विधवा मरण पावली. तिच्या पंथबंधूंना तिची भेटही घेऊ देण्यात आली नव्हती. हा सल मनात धरून विल्यम ट्यूक या चहाच्या व्यापाऱ्याने आपल्या पंथातील रोग्यांसाठी स्वतंत्र आश्रम काढावयाचे ठरविले, आणि १७९६ साली ‘रिट्रीट’ नावाची संस्था सुरू झाली. बंधने तेथेही अगदीच नाहीशी झाली असे नव्हे. तथापि धाकापेक्षा ममतेवर, आणि साखळीपेक्षा बाग, काम व सभ्य संगत यांवर तेथे भर होता. विल्यमचा नातू सॅम्युअल याने १८१३ साली या संस्थेचे वर्णन करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात एक लहानशी गोष्ट नमूद आहे. रोगी ज्या अंगणांत फिरत, त्या अंगणांत ससे, समुद्रपक्षी, ससाणे आणि कोंबड्या मुद्दाम ठेवल्या होत्या. यांच्या सहवासाने रोग्याची करमणूक तर होतेच. पण त्याच्या मनातील मिळूनमिसळून राहण्याची आणि इतरांचे भले चिंतण्याची वृत्तीही जागी होते, असा सॅम्युअल ट्यूकचा अभिप्राय होता.

श्रोतेहो, या गोष्टीचे मर्म नीट ध्यानात घ्यावे. ज्याला काल जनावर समजून बांधून ठेवीत, त्याच्याच ओंजळीत आज एक दुबळा जीव विश्वासाने ठेवण्यात आला. सशाने रोग्याचे वेड घालविले असे कोणी म्हटले नाही. परंतु ‘तुझ्या हातून या जिवाला इजा होणार नाही, उलट तू त्याला खाऊ घालशील,’ असा भरवसा त्या रोग्यावर टाकला गेला, आणि भरवसा हा केवळ माणसावरच टाकता येतो. पुढे साठ वर्षांनी खुद्द बेथलेमच्या दालनांतही पक्ष्यांचे पिंजरे टांगले गेले, मांजरे व कुत्री रोग्यांच्या पायांशी वावरू लागली. नॉरिसच्या इस्पितळाला ही मजल गाठावयास दोन पिढ्या लागल्या.

मनाच्या रोगाकडून शरीराच्या रोगाकडे ही दृष्टी नेली ती फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी. अथेन्स येथे १८५० साली पोरांच्या हातून त्यांनी घुबडाचे एक पिल्लू सोडविले, त्याचे नाव अथीना ठेविले आणि ते खिशात घेऊन त्या हिंडत. पुढे क्रिमियाच्या युद्धातील शुश्रूषेने त्यांची कीर्ती झाली, आणि परत आल्यावर त्यांची स्वतःचीच प्रकृती ढासळून त्यांचे दिवसचे दिवस खोलीत जाऊ लागले. अशा काळात १८५९ साली त्यांनी शुश्रूषेवरील आपले प्रसिद्ध पुस्तक लिहिले. दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या दुखण्यात लहानसा पाळीव प्राणी ही रोग्याला उत्तम सोबत होय, आणि वर्षानुवर्षे एकाच खोलीत पडून असलेल्याला पिंजऱ्यातला पक्षी हेच कधी कधी एकमेव सुख असते, असे त्यांनी त्यात सांगितले आहे. शक्य असेल तर त्या प्राण्याचे खाणेपिणे व साफसफाई रोग्यानेच करावी, असेही त्या सुचवितात. म्हणजे येथेही यॉर्कचेच सूत्र आहे: ज्याची सेवा सर्वजण करीत आहेत, त्याला दुसऱ्याची थोडी सेवा करावयास मिळणे, हीच त्याची मोठी गरज असते.

येथवर प्राणी राहत होता तो रोग्यापाशीच. बाहेरून भेटीस येणाऱ्या प्राण्याची गोष्ट सुरू होते ती दुसऱ्या महायुद्धात, न्यू गिनीच्या जंगलात. तेथे १९४४ साली अमेरिकन सैनिकांना एका खड्ड्यात यॉर्कशायर टेरियर जातीची एक चिमुकली कुत्री सापडली. वजन अवघे चार पौंड, उंची सात इंच. विल्यम विन या क्लीव्हलंडच्या सैनिकाने ती दोन ऑस्ट्रेलियन पौंडांस विकत घेतली आणि तिचे नाव स्मोकी ठेविले. काही महिन्यांनी विन हाडमोड्या तापाने, म्हणजे डेंग्यूने, आजारी पडून लष्करी इस्पितळात दाखल झाला. मित्रांनी त्याच्या करमणुकीसाठी स्मोकीला तेथे नेले. शेजारच्या खाटांवर लढाईतून आणलेले जखमी होते. परिचारिकांनी पाहिले की ही इवलीशी कुत्री खाटेवर चढताच मुकाट पडलेला शिपाई बोलू लागतो. मग दिवसा त्या तिला जखमींमध्ये फिरवीत आणि रात्री ती विनच्या बिछान्यावर निजे. लढाई संपल्यावरही विन तिला घेऊन जखमी सैनिकांच्या इस्पितळांत अनेक वर्षे जात राहिला. १९५७ साली स्मोकी मरण पावली. विन आणि स्मोकी ही आजच्या स्वयंसेवक जोड्यांची आद्य जोडी म्हणून ओळखली जाते; आणि त्या दोघांना या कामी कोणीही नेमलेले नव्हते.

सैनिकांना जे सहज उमगले, ते विद्वानांच्या गळी उतरावयास मात्र वेळ लागला. न्यूयॉर्क येथे बोरिस लेव्हिन्सन नावाचे मानसशास्त्रज्ञ मुलांवर उपचार करीत. कोणाशीही न बोलणारा एक मुलगा नेमल्या वेळेआधी आला, तेव्हा त्यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा खोलीतच होता. कुत्रा मुलाजवळ जाऊन त्याला चाटू लागला आणि मुलाने त्याला मिठी मारली. डॉक्टरांनी कुत्र्याला बाहेर काढले नाही. पुढे तो मुलगा कुत्र्याच्या निमित्ताने येऊ लागला, आणि कुत्र्याशी बोलता बोलता डॉक्टरांशीही बोलू लागला. हा अनुभव त्यांनी १९६१ साली विद्वानांच्या सभेपुढे ठेविला, तेव्हा सभागृहात हशा पिकला. फीमधील किती हिस्सा कुत्र्याला देता, असेही कोणी विचारल्याचे सांगतात. लेव्हिन्सन डगमगले नाहीत. १९६९ साली त्यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

हळूहळू थट्टेची जागा मोजमापाने घेतली. एरिका फ्रीडमन आणि त्यांचे सहकारी यांनी हृदयविकाराच्या ९२ रोग्यांचा वर्षभर मागोवा घेऊन १९८० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. घरी प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी तिघे दगावले. नसलेल्या ३९ जणांपैकी अकरा. यावरून कुत्रा पाळला की हृदय बरे होते, असे अनुमान मात्र काढू नये. रोगी थोडे, काल थोडा, आणि माणसाच्या आयुष्यात कारणे अनेक गुंतलेली असतात. प्राण्याचा सहवास हे औषध नव्हे. ती सोबत आहे, आणि सोबतीचे मोल औषधाच्या तराजूत पुरते उतरत नाही.

या सोबतीला शिस्तीचे रूप मिळाले ते स्वयंसेवकांच्या संस्थांमुळे. एलेन स्मिथ या अमेरिकन परिचारिकेने इंग्लंडमध्ये काम करीत असता एका धर्मोपदेशकाचा कुत्रा पाहून रोग्यांच्या मुद्रा खुलताना पाहिल्या होत्या. मायदेशी येऊन त्यांनी १९७६ साली न्यूजर्सीत अशा कुत्र्यांची संस्था काढली. १९७७ साली ऑरेगॉन प्रांतात डेल्टा फाउंडेशन स्थापन झाले; त्यातूनच १९९० साली ‘पेट पार्टनर्स’ ही योजना निघाली, आणि २०१२ पासून संस्थेचेही तेच नाव झाले. इंग्लंडमध्ये १९८३ साली असेच काम सुरू झाले.

या संस्थांनी घातलेल्या दंडकांत शंभर वर्षांचे शहाणपण साठले आहे. परीक्षा एकट्या प्राण्याची होत नाही. माणूस आणि प्राणी या जोडीची होते. कोणी वेड्यावाकड्या हातांनी कुरवाळले, अचानक मोठा आवाज झाला, रागावलेल्या माणसांचा ओरडा कानी पडला, मागून धक्का लागला, तर प्राणी कसा वागतो हे पाहतात. आणि त्याच वेळी त्याचा माणूस काय करतो हेही पाहतात. पशुवैद्याचा दाखला लागतो. भेटीपूर्वी प्राण्याला स्वच्छ करावे लागते. ठराविक काळाने परीक्षा पुन्हा द्यावी लागते. परीक्षेत न उतरणारा प्राणी वाईट ठरत नाही. घरात लाडका असलेला एखादा कुत्रा परक्यांच्या गर्दीत कावरा होतो. त्याला घरीच राहू द्यावे, एवढाच त्याचा अर्थ.

या नियमांच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न आहे. रोग्याला साखळीतून सोडवावयाचे आणि त्याच्या सुखासाठी प्राण्याला राबवावयाचे, हा न्याय नव्हे. प्राण्याला ‘नको’ हा शब्द बोलता येत नाही. तो जांभई देतो, ओठ चाटतो, तोंड फिरवितो, अंग आखडतो. ही भाषा वाचणे, आणि ती वाचताच रोग्याचा हिरमोड होत असला तरी नम्रपणे भेट आटोपती घेणे, हेच स्वयंसेवकाचे पहिले कर्तव्य. त्याच्या हातातील दोरी प्राण्याला ओढून नेण्यासाठी नाही. पलीकडल्या जिवाची इच्छा कळावी, यासाठी ती आहे.

आपल्याकडेही या कामाची सुरुवात झाली आहे. मुंबईच्या विमानतळावर २०२३ साली प्रवाशांच्या मनावरील ताण हलका व्हावा म्हणून असे कुत्रे आणण्यात आले, आणि त्यांना पाहून थबकलेले प्रवासी अनेकांनी पाहिले असतील. आपल्या देशात पिसाळलेल्या कुत्र्याची भीती खरी आहे. म्हणून लस, स्वच्छता आणि परीक्षा यांविषयी येथे अधिकच काटेकोर असावे लागेल. ज्याला कुत्र्याची धास्ती वाटते किंवा ज्याला प्राणी जवळ नकोच आहे, अशा रोग्याच्या इच्छेलाही तितकाच मान हवा. आधी विचारावे आणि मग जवळ जावे, हा नियम तिन्ही पक्षी सारखाच लागू आहे.

श्रोतेहो, एखाद्या समाजाची सुधारणा त्याच्या इस्पितळांच्या भिंती किती उंच आहेत यावरून मोजू नये. त्या भिंतींच्या आत पडलेल्या माणसावर आपण किती विश्वास टाकतो, यावरून ती मोजावी. दुखणाईताच्या थरथरत्या हाताखाली एक मुका जीव निर्धास्तपणे बसतो, तेव्हा तो त्या माणसाला एकच गोष्ट कळवीत असतो: माझा तुझ्यावर भरवसा आहे. नॉरिसच्या कोठडीत ही गोष्ट त्याला सांगणारे कोणी नव्हते. आपल्या घरी असा शांत, मायाळू प्राणी असेल आणि आठवड्यातील एखादी दुपार मोकळी असेल, तर ही गोष्ट कोणाला तरी कळविण्याचे साधन आपणांपाशी आहे, इतकेच सांगून मी रजा घेतो.