पुनर्नवेची परीक्षा



लोणारचे सरोवर ज्याने पाहिले आहे त्याला मूत्रल औषधाचे मर्म समजावून सांगणे अवघड नाही. धारेचे पाणी गोडे असते. ते विवरात उतरते, पावसाचेही उतरते, पण बाहेर पडावयास वाट नाही. ऊन पाणी उचलून नेते आणि क्षार मागे ठेवते. ते साठत गेले म्हणून सरोवर खारट झाले. याच क्षारांचे थर काढून पूर्वी पापडी, दल्ला अशा नावांनी विकीत. मनुष्यदेहात ही वाट मूत्रपिंडे मोकळी ठेवतात. हृदय, यकृत किंवा मूत्रपिंड थकले की मीठ अंगात अडते, मिठाबरोबर पाणी अडते, पाय सुजतात, पोटात पाणी होते. हे पाणी लघवीवाटे उतरविते ते मूत्रल औषध.

चरकसंहितेत अशा दहा वनस्पतींचा एक गणच सांगितला आहे. त्यात गोखरू आहे. शेतात अनवाणी पायाला बोचणारा सराटा तो हाच. दुसरी प्रसिद्ध वनस्पती पुनर्नवा, म्हणजे घेटुळी. उन्हाळ्यात वाळते, पावसाबरोबर पुन्हा फुटते, म्हणून हे नाव. 1879 मध्ये मुंबईचे डॉक्टर सखाराम अर्जुन यांनी मुंबईच्या बाजारातील देशी औषधांची यादी छापली. पुढे 1883 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्यांत तेही होते. त्यांच्यासारख्यांनी औषधे ओळखून नोंदविली. परंतु नोंद म्हणजे परीक्षा नव्हे.

परीक्षेचे काम कलकत्त्यास झाले. तेथील स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा औषधशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1923 मध्ये पुनर्नवेवरील काम प्रसिद्ध केले. मुळीतील पुनर्नवीन नावाचे द्रव्य मांजरांच्या शिरेत टोचले, तेव्हा रक्तदाब चढला आणि लघवी वाढली. जलोदराच्या रोग्यांनाही अर्क देऊन पाहिला. यकृताच्या विकारातील काहींना उतार पडला. पण खरा प्रश्न पुढेच होता. या वनस्पतीत सोऱ्याचा, म्हणजे पोटॅशियमचा, क्षार भरपूर असतो आणि तोही लघवी वाढवितो. मग गुण कोणाचा, पुनर्नवीनचा की सोऱ्याचा? चोप्रांनी दोघांनाही वाटा दिला. शिवाय बाजारात पुनर्नवेच्या नावाने दोन निराळ्या वनस्पती येत, हेही त्यांनी दाखविले. मालच दुसरा असेल तर परीक्षा कशाची?

तुलनेची सोपी रीत 1943 मध्ये लिपशिट्झ व सहकाऱ्यांनी घालून दिली. पांढरे उंदीर रात्रभर उपाशी ठेवावयाचे. सकाळी प्रत्येकाला वजनाच्या दर किलोस 25 मिलिलिटर मिठाचे पाणी पाजावयाचे. एका गटाला एवढेच. दुसऱ्याला त्याबरोबर दर किलोस 1 ग्रॅम युरिया, शेतकऱ्याच्या ओळखीचा तोच. तिसऱ्याला वनस्पतीचा अर्क. मग जाळीच्या पिंजऱ्यांत ठेवून 5 तासांची लघवी मोजावयाची. पहिल्या गटावाचून सारे व्यर्थ, कारण पाणी पाजले की लघवी होणारच. पुढे युरियाऐवजी फ्युरोसेमाइड हे औषध तुलनेस घेण्याची रीत पडली. लघवीतील सोडियम व पोटॅशियमही मोजू लागले, कारण नुसते पाणी गेले आणि मीठ राहिले तर सूज उतरत नाही.

आम्ही कामगारांच्या संघटनेत एक गोष्ट शिकलो: मागणी न्याय्य असली तरी आकड्यावाचून ती टेबलावर टिकत नाही. देशी औषधाचेही तसेच आहे. एक पक्ष म्हणतो, पूर्वजांनी लिहिले, परीक्षा कशाला? दुसरा म्हणतो, गवतात काय औषध असणार? दोघांनाही पिंजऱ्याखालची ती मोजनळी पाहावयाची नाही. आणि त्यांच्या वादात मरतो तो गरीब. ज्याचे मूत्रपिंड निकामी होत आले आहे त्याने सोऱ्याने भरलेला काढा मनाने घेतला, तर अंगात साठणारे पोटॅशियम त्याचे हृदय थांबवू शकते. उंदराला लघवी झाली म्हणून माणूस बरा झाला असे होत नाही. पुढे माणसांवरील सावध परीक्षा उरतेच.

चोप्रांच्याच अध्यक्षतेखालील समितीने 1930-31 मध्ये औषधांतील भेसळीची चौकशी केली. औषधांचा कायदा 1940 मध्ये झाला. आयुर्वेदी औषधांसाठी त्यात स्वतंत्र प्रकरण यावयास 1964 उजाडले. पुड्यात काय आहे हे विचारण्याचा हक्क असा उशिरा मिळाला. तो वापरणे आपल्या हाती आहे. बांधावरच्या घेटुळीचा अभिमान जरूर धरावा. पण तिला मोजून घेण्यास भिऊ नये. जे खरे आहे ते मोजल्याने कमी होत नाही.