बंदूक, परवाना आणि नेम : एका शस्त्राच्या मराठी शब्दव्यवहाराचा इतिहास

एखादी वस्तू समाजाच्या नित्य व्यवहारातून निघून गेली, तरी तिची नावे भाषेत दीर्घकाळ रेंगाळतात. मात्र ती सर्व सारखीच रेंगाळत नाहीत. वस्तू हाताळण्याच्या क्रियेशी निगडित असलेले शब्द प्रथम लोपतात, आणि तिचा धाक, दिमाख किंवा आवाज व्यक्त करणारे शब्द लाक्षणिक अर्थाने जगत राहतात. मराठीतील बंदुकीच्या शब्दसंग्रहाची अवस्था अशीच आहे. ही अवस्था केवळ काळाच्या ओघाने आली, असे मानणे सोयीचे असले तरी खरे नव्हे. तिच्यामागे एक विशिष्ट कायदा, त्याविरुद्ध चाललेली अर्धशतकाहून अधिक काळची तक्रार आणि स्वातंत्र्यानंतर त्या तक्रारीला मिळालेले अनपेक्षित उत्तर आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘बंदूक’ हा शब्द अरबी ‘बुंदुक’ यावरून आला. त्याचा मूळ अर्थ एका कठीण कवचाच्या फळाचा. पुढे त्या आकाराची गोळी आणि अखेरीस गोळी फेकणारे यंत्र, असा त्याचा प्रवास झाला. ‘तोफ’ तुर्की आहे. ‘दारू’ हा शब्द फारसीत औषधवाचक. मराठीत त्याने एकीकडे मद्याचा व दुसरीकडे स्फोटक चूर्णाचा अर्थ धारण केला. ‘काडतूस’ आणि ‘पिस्तूल’ हे शब्द पश्चिम किनाऱ्यावरील युरोपीय संपर्काची आठवण देतात. ‘गारदी’ या शब्दाचे मूळही युरोपीय. पाश्चात्त्य पद्धतीची कवाईत शिकलेल्या पायदळाचे हे नाव. १७६१ साली पानिपतावर इब्राहीमखान गारद्याच्या पलटणींनी त्याला प्रतिष्ठा दिली, आणि १७७३ साली नारायणराव पेशव्यांच्या वधाने तेच नाव कायमचे कलंकित झाले. रघुनाथपंत हणमंते यांच्या राजव्यवहारकोशाने शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द सुचविले. परंतु बंदूक बंदूकच राहिली आणि तोफ तोफच. ज्या शब्दाला रोज हात लागतो त्याला कोशकार सहसा हलवू शकत नाही.

हा हात लागण्याचा व्यवहार किती सूक्ष्म होता, याची कल्पना मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ सालची आवृत्ती चाळली तरी येते. तोडा, जामगी, रंजक हे शब्द तेथे सुखाने नांदताना दिसतात. तोड्याची बंदूक म्हणजे पेटती वात लावून उडवावयाची बंदूक. जामगी म्हणजे ती वात. रंजक म्हणजे मुख्य दारूस आग पोचविणारी बारीक दारू. त्याच्या जोडीला नळीत दारू-गोळी दाबून बसविण्याचा गज, आणि त्या दाबण्याच्या क्रियेवरून ‘ठासणीची बंदूक’ हे नाव. हे शब्द सैनिकांपुरते मर्यादित नव्हते. डोंगरकडेच्या गावात रानडुकरांपासून पीक राखणारा शेतकरी, वतनाचा मान सांभाळणारा पाटील, खजिन्याबरोबर चालणारा शिपाई या सर्वांच्या बोलीचा तो भाग होता. नवशिक्यास बंदूक कोण शिकवीत असे, हा प्रश्नच त्या काळी उद्भवत नव्हता. बाप, चुलता किंवा गावातील जुना शिकारी हेच त्याचे शिक्षक, आणि शिवार हेच त्याचे मैदान.

या परंपरेवर पहिला आघात १८५७च्या उठावानंतरच्या निःशस्त्रीकरणाने झाला. परंतु तिला कायमची चौकट घातली ती १८७८च्या हत्यारांच्या कायद्याने. लॉर्ड लिटनच्या राजवटीतील हा अकरावा कायदा. देशी वृत्तपत्रांचे तोंड बांधणारा कायदाही त्याच वर्षीचा. वृत्तपत्रांचा कायदा १८८२ साली रिपनच्या काळात रद्द झाला. हत्यारांचा मात्र टिकला. त्याने बंदूक बाळगणे सर्वथा निषिद्ध केले नाही, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. त्याने परवाना आवश्यक केला. पण परवान्याची आवश्यकता सर्वांना सारखी नव्हती. युरोपीय आणि अँग्लो-इंडियन यांना नियमांनी सूट दिली. सामान्य हिंदी माणसाला मात्र जिल्ह्याच्या अधिकाऱ्यापुढे आपली गरज व राजनिष्ठा दोन्ही सिद्ध करावी लागे. शस्त्राचा प्रश्न अशा रीतीने वंशाचा प्रश्न झाला. कायदा होऊन वर्ष लोटते न लोटते तोच, १८७९च्या आरंभी, वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड पुणे जिल्ह्यात उभे राहिले, आणि सरकारला आपल्या संशयाचे समर्थन आयतेच मिळाले.

याच संदर्भात एक तुलना उद्बोधक ठरते. ज्या राजसत्तेने हिंदुस्थानात बंदूक आवळली, तिनेच आपल्या घरी ती नागरिकांच्या हाती उत्साहाने दिली होती. फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनविषयीच्या भीतीमुळे १८५९ साली इंग्लंडात स्वयंसैनिकांची पथके उभी राहिली आणि त्याच वर्षी तेथील नॅशनल रायफल असोसिएशनची स्थापना झाली. २ जुलै १८६० रोजी विंबल्डनच्या मैदानावर खुद्द राणी व्हिक्टोरियाने पहिली गोळी झाडून तिच्या स्पर्धांचे उद्घाटन केले. रायफल एका स्थिर चौकटीवर आधीच नेम धरून बसविली होती, राणीने केवळ दोरी ओढली, ही गोष्ट वेगळी. दुकानदार, कारकून, विद्यार्थी यांनी सुटीच्या दिवशी मोकळ्या मैदानावर येऊन नेमबाजी शिकावी, ती देशसेवाच होय, असा त्या चळवळीचा उपदेश होता. अमेरिकेत १८७१ साली स्थापन झालेल्या तशाच संस्थेचे मूळही यादवी युद्धातील सैनिकांचा नेम कच्चा असल्याच्या जाणिवेत होते. लंडनच्या कारकुनास जे कर्तव्य म्हणून शिकविले जात होते, तेच पुण्याच्या कारकुनास संशयास्पद ठरविले गेले.

शिकलेल्या हिंदी वर्गाला ही विसंगती बोचली. १८८५ साली रशियाशी युद्धाचा प्रसंग दिसू लागताच हिंदी तरुणांनाही स्वयंसैनिक म्हणून घ्यावे अशी मागणी झाली, आणि ती फेटाळली गेली. १८८७च्या मद्रास अधिवेशनात राष्ट्रसभेने हत्यारांच्या कायद्यात सुधारणा मागणारा ठराव केला. पुढे हा विषय राष्ट्रसभेच्या ठरावांत वारंवार येत राहिला. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचे आवाहन करताना महात्मा गांधींनी, संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा ब्रिटिश राजवटीच्या दुष्कृत्यांत अत्यंत काळा गणला जाईल, अशा आशयाचे विधान केले. अहिंसेच्या प्रवर्तकाचे हे मत अनेकांना चमत्कारिक वाटते. पण त्यांचा युक्तिवाद सुसंगत होता: ज्याच्या हाती शस्त्र नाही त्याच्या शस्त्रत्यागाला अर्थ नाही. १९२०च्या नियमांनी वंशभेद काढून टाकला. परवाना मात्र राहिला. १९३१च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क स्पष्टपणे नमूद झाला.

आता भाषेकडे वळावे. या दीर्घ काळात मराठीने बंदुकीचे काय केले? तोडा, जामगी आणि रंजक मागे पडले. त्यास यंत्रातील सुधारणाही कारण झाली, कारण काडतुसाच्या बंदुकीला रंजक लागत नाही. परंतु नव्या यंत्राच्या भागांना नवे मराठी शब्द विपुल प्रमाणात घडले नाहीत, आणि याचे कारण यांत्रिक नाही. चाप आणि घोडा हे जुने शब्द कसेबसे टिकले. उलट जे शब्द केवळ आवाजाचे आणि परिणामाचे, ते सभा-संमेलनांत आणि वर्तमानपत्रांत शिरले. सरबत्ती ही बंदुकांची होती, ती प्रश्नांची झाली. ‘फैर’ हा तर इंग्रजी ‘फायर’चाच मराठी अवतार, तीही आता आरोपांची झडते. फुसका बार वक्त्याचा निघतो, आणि बंदूक दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवली जाते. सर्वांत मनोरंजक उदाहरण ‘गोलंदाज’ या शब्दाचे. तोफेचा गोळा फेकणारा हा शिपाई क्रिकेटच्या मैदानावर चेंडू टाकू लागला, आणि त्याच्या साम्यावर ‘फलंदाज’ हा शब्द घडला, त्यातील ‘अंदाज’ म्हणजे फारसीत फेकणारा याची फिकीर न करता! तोफखाना गेला, पण त्याचा हुद्दा खेळाने उचलला. खंडेनवमीस खड्गाच्या जागी नांगर, हातोडा आणि शिवणयंत्र पुजले जाऊ लागले, त्याच्याशी ही प्रक्रिया ताडून पाहण्यासारखी आहे.

या अनुमानास एक प्रतिउदाहरण जवळच्याच प्रदेशात सापडते. कोडगू प्रांतातील कोडव समाजास परवान्यातून मिळालेली सूट ब्रिटिश काळापासून चालत आली, आणि स्वतंत्र भारतातही ती वेळोवेळी वाढविण्यात आली. तेथे कैलपोळ्द या सणास बंदुकीची पूजा होते आणि उंच टांगलेल्या नारळावर नेम धरण्याच्या स्पर्धा गावोगाव भरतात. बंदूक घरात राहिली तेथे नेमबाजीचा खेळ सणाच्या अंगणात राहिला. महाराष्ट्रात असा अवशेष शोधावयाचा तर तो कोकणात, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरील ठासणीच्या बंदुकीत सापडतो. मात्र ती निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, आणि रानडुकरास निवडणुकीचे वेळापत्रक ठाऊक नसते.

स्वातंत्र्यानंतर कराचीचे आश्वासन पुरे होईल अशी अपेक्षा काहींना होती. १९४८च्या डिसेंबरात संविधान सभेत ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. जुनी तक्रार परकीय सत्तेविरुद्ध होती व ती योग्य होती. परंतु स्वतंत्र राज्यात व्यक्तीने हवे ते शस्त्र बाजारातून निर्बंधावाचून विकत घ्यावे, असा हक्क मान्य करून राज्यकारभार चालणार नाही, असा त्यांच्या उत्तराचा मथितार्थ होता. शस्त्र धारण करण्याच्या हक्कापेक्षा राष्ट्रासाठी ते धारण करण्याच्या कर्तव्यावर त्यांनी भर दिला. हे उत्तर बहुतेक राष्ट्रवादी परंपरेला धक्का देणारे असले तरी त्यातील विवेक नाकारता येत नाही. १९५९चा नवा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. परवान्याचे तत्त्व त्याने कायम ठेवले. २०१९च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाच्या बंदुकांची मर्यादा तिनावरून दोनवर आणली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा शौकही संपविला.

येथे एक भेद करणे अगत्याचे आहे, आणि जुन्या वादात तो बहुधा केलाच गेला नव्हता: बंदूक बाळगणे वेगळे, बंदूक शिकणे वेगळे. राष्ट्रसभेचे ठराव पहिल्यासाठी झगडले, संविधान सभेने पहिलेच नाकारले. दुसऱ्याचा मार्ग मात्र याच सुमारास, फारसा गाजावाजा न होता, खुला झाला. १९४८च्या कायद्याने राष्ट्रीय छात्रसेना स्थापन झाली. १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था निघाली, आणि तिचे संस्थापक-अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर. मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील घराणे, जन्म बडोद्यास, वकिली अहमदाबादेस, खेडा सत्याग्रहात सहभाग आणि पुढे लोकसभेचे पहिले सभापती, असा हा गृहस्थ. गांधीजींच्या या अनुयायाने रायफल-संघटनेचे अध्यक्षपद स्वीकारावे यात विसंगती शोधण्यापेक्षा १९१८चे ते विधान आठवावे हे अधिक उचित. त्यांच्या नावाने चालणारी अखिल भारतीय मावळंकर स्पर्धा ही प्रस्थापितांची स्पर्धा नव्हे. राष्ट्रीय स्पर्धेची पात्रता अद्याप न मिळालेल्या नवोदितांना तेथवर पोचविणारा तो उंबरठा आहे.

प्रारंभी या खेळावर संस्थानिकांची छाप होती, हे खरे. बिकानेरचे महाराजा करणीसिंह १९६० पासून पाच ऑलिम्पिक स्पर्धांत उतरले आणि १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळविले. ज्याच्या घरी बंदूक, काडतुसे आणि शिकारीचे रान, त्यालाच सराव परवडे. मध्यमवर्गीय मुलामुलींसाठी दार उघडले ते छात्रसेनेच्या चांदमारीने. चांदमारी हा शब्दही छावणीचाच. लक्ष्यावरील गोल ‘चांद’ टिपण्याचे मैदान, आणि गुवाहाटी किंवा मोतीहारीसारख्या गावी तो स्थलनाम होऊन बसला आहे. अंजली भागवत यांची ओळख रायफलशी छात्रसेनेतच झाली, आणि २००० साली सिडनी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीपर्यंत त्या पोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्यूनिक येथे पन्नास मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या ठरल्या.

आजचा नवशिका सहसा हवेच्या दाबावर चालणाऱ्या ०.१७७ इंची रायफलीपासून आरंभ करतो, कारण ठराविक शक्तीपर्यंत तिला परवाना लागत नाही. दहा मीटरवरील त्याच्या लक्ष्याचे मध्य केवळ अर्ध्या मिलिमीटरचे असते. भिंतींच्या आत हे सर्व शिकता येते. खरी परीक्षा उघड्यावर पन्नास मीटरवर होते. तेथे वारा आणि ऊन हेही प्रतिस्पर्धी असतात, आणि तेथे दारूगोळ्याचा खर्च, परवान्याची वाट आणि मैदानांची टंचाई ही त्रयी पुन्हा उभी राहते. भाषेच्या अंगाने पाहता, या मैदानावरचा मराठी प्रशिक्षक ट्रिगर, स्लिंग, साइट असेच शब्द वापरतो. मराठी राहतात ती क्रियापदे. नेम धरणे, श्वास रोखणे, चाप ओढणे. ‘ओढणे’ चूक, ‘दाबणे’ बरोबर, हे शिकविण्यातच पहिले काही दिवस जातात.

राधानगरी तालुक्यात दाजीपूरचे अरण्य आहे. कोल्हापूरच्या छत्रपतींचे ते राखीव शिकारीचे रान. १९५८ साली त्याचे गव्यांचे अभयारण्य झाले. त्याच तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून नेमबाजी शिकला, रेल्वेच्या नोकरीत राहून सराव करीत राहिला, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस येथे पन्नास मीटर रायफलच्या तीन अवस्थांच्या प्रकारात त्याने कांस्यपदक मिळविले. या प्रकारात भारताला ऑलिम्पिक पदक त्यापूर्वी कधी मिळाले नव्हते.