दहापैकी तीन, आणि मग?

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आपल्या अभियंत्यांत सध्या एक मत फार पक्कं झालं आहे: ईबी-१ए ग्रीन कार्डासाठी लागणारं मोठेपण ‘घडवून’ घेता येतं. पूर्वपक्ष मांडताना मी हात आखडता घेणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. हा अर्ज स्वतःचा स्वतः करता येतो. मालक लागत नाही, लेबर सर्टिफिकेशनही नाही. नोबेलच्या तोडीचा पुरस्कार पदरी नसेल, तर नियमांतल्या दहा निकषांपैकी किमान तीन दाखवायचे. शिवाय अर्ज मंजूर झाला की ईबी-२ किंवा ईबी-३ या वर्गांतली आपली जुनी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, इथे चालते. दहा-बारा वर्षं रांगेत ताटकळलेला माणूस हे दार ढकलून बघणारच. त्याला बोल लावायचा कुणी?

माझा वाद त्यापुढच्या उडीशी आहे. तीनच हवेत ना? मग पैसे भरून एक पुरस्कार घ्या, चार शोधनिबंध तपासा, एखाद्या संकेतस्थळावर स्वतःवरचा लेख छापून आणा. झालं!

कसं झालं? १९९०च्या कायद्याने मागितली आहे ती राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय पातळीवर टिकून राहिलेली ख्याती. नियमातली ‘असामान्य क्षमते’ची व्याख्या त्याहून कडक आहे: आपल्या क्षेत्राच्या अगदी शिखरावर पोचलेल्या मोजक्यांपैकी एक. निकष आहेत ते या व्याख्येचा पुरावा म्हणून. पुरावा साध्याची जागा घेऊ लागला, की तर्कशास्त्र तिथेच संपतं. आणि सुटा निकषही वाटतो तितका मऊ नाही. उदाहरणार्थ, संस्थेचं सभासदत्व मोजायचं ते असामान्य कामगिरी पाहून, नामवंत तज्ज्ञांनी पारखून दिलेलं. वर्गणी भरली की मिळणारं कार्ड त्यात कसं बसावं?

प्रतिपक्ष काझारियन खटल्याचा दाखला हौसेने देतो. अवश्य द्यावा, पण पुरता वाचून. अर्जदार सैद्धान्तिक भौतिकशास्त्रज्ञ होते. २०१०मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने अर्ज तपासणाऱ्या सरकारी खात्याचे कान उपटले: निबंधांचं विद्वानांत स्वागत झालं का, हा प्रश्न निकष मोजतानाच घुसडू नका, त्याची जागा नंतरच्या एकूण मूल्यमापनात. इथवर सगळे वाचतात. पुढे काय झालं? न्यायालयाने दोनच निकष मान्य केले आणि अर्जदार हरले. खात्याने त्याच वर्षी दोन टप्प्यांची पद्धत घेतली: आधी मोजणी, मग तोलणी. चार निबंध तपासल्याची नोंद मोजणीत कदाचित तरेल. तोलणीत तिचं वजन किती?

‘ईबी-१ला रांग नसते’ हेही जाता जाता पुसून टाकू. देशागणिक सात टक्क्यांची मर्यादा इथेही आहे, आणि भारतात जन्मलेल्यांना इथेही थांबावं लागलं आहे.

राहिला धोका. तो असं मोठेपण ‘घडवून’ देणाऱ्या सल्लागाराच्या माहितीपत्रकात सहसा नसतो. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं, तर अमेरिकेत प्रवेशालाच कायमची आडकाठी येऊ शकते. तीतून सूट मिळण्याची वाट फार अरुंद आहे.

न्यायाधीश तुम्ही. तुमच्या फाइलमधली गेल्या वर्षभरात जमवलेली प्रमाणपत्रं बाजूला काढा. उरलेल्या पानांत, तुमच्या कामामुळे तुमच्या क्षेत्रात काय बदललं, हे तुम्हाला न ओळखणारा कुणी सांगतो आहे का? सांगत असेल तर निर्धास्त अर्ज करा. नसेल, तर सल्लागाराचा पहिला हप्ता भरू नका.