नाडी, नौली व लोणावळ्याची प्रयोगशाळा

पुणें-सोलापूर सडकेवरील टेंभुर्णी व आसपासच्या करमाळें, पंढरपूर या टापूंत जुनीं दप्तरें चाळतांना हिशेबाच्या फर्दांत हठप्रदीपिकेची एखादी पोथी हातीं आल्यास नवल नव्हे. परंतु संग्राहकाचें लक्ष सनदा व वंशावळी यांजकडे जितकें जातें तितकें तिजकडे जात नाहीं. या उपेक्षेनें एका महत्त्वाच्या प्रश्नाचीं साधनें वायां जात आहेत, असें आमचें मत आहे.

तो प्रश्न असा कीं, योगग्रंथांतील 'नाडी' म्हणजे काय? इडा, पिंगला, सुषुम्ना यांसह ७२,००० नाड्या ग्रंथकार सांगतात. आधुनिक शारीरशास्त्र मज्जातंतू दाखवितें, व ते अवयवांस हालचालीची आज्ञा कशी पोंचवितात तें सांगतें. दोहोंचा मेळ बसतो काय? स्वामी दयानंदांनीं १८७९-८० मध्यें प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तांत लिहिलें आहे कीं, नदींत वाहत आलेलें प्रेत चिरून आपण तें ग्रंथांतील वर्णनाशीं ताडून पाहिलें, आणि मेळ न बसल्यामुळें ते ग्रंथ प्रेतासह नदींत टाकले. ग्रंथसंग्राहकास हें वाचून हळहळ वाटेल. तथापि ग्रंथवचन प्रत्यक्षाशीं ताडण्याची ती बुद्धि टाकाऊ म्हणतां येणार नाहीं.

याच्या उलट टोंकास मुंबईचे डॉ. वसंत गंगाराम रेळे गेले. १९२७ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकांत त्यांनीं कुंडलिनी म्हणजे उजवी 'व्हेगस' मज्जातंतु असें प्रतिपादिलें. त्या पुस्तकास प्रस्तावना लिहिणारे सर जॉन वुड्रॉफ यांसही हें समीकरण मान्य झालें नाहीं. आमच्याही मतें नांवास नांव जुळविणें म्हणजे शोध नव्हे. शिवाय ग्रंथकारांस जें सांगावयाचें होतें तें असल्या समीकरणांत हरवतें.

तिसरा मार्ग जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांचा. त्यांचा जन्म १८८३ सालीं डभोई येथें झाला. बडोद्यास राजरत्न माणिकराव यांजपाशीं त्यांनीं व्यायामविद्या घेतली, व पुढें नर्मदातीरीं मालसर येथें परमहंस माधवदास यांजकडून योग शिकले. आखाड्यांत तयार झालेल्या या गृहस्थानें नाडी कोठें आहे हें विचारण्यापूर्वीं, क्रिया करतांना शरीरांत काय घडतें हें विचारलें. १९२० च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयांत त्यांनीं उड्डियान व नौली या क्रियांची क्षकिरणांनीं पाहणी सुरू केली.

नौलीचें रहस्य येथें थोडें उलगडून सांगणें अवश्य आहे. श्वास पूर्ण सोडून, आंत हवा न घेतां छाती फुगविली म्हणजे उदरपटल वर चढतें व पोट खोल जातें; हें उड्डियान. त्या स्थितींत पोटाचे दोन उभे स्नायू पुढें आणले कीं मध्यमा, एकच आणला कीं वामा वा दक्षिणा नौली होते. सामान्य माणसास हे दोन स्नायू निरनिराळे चालवितां येत नाहींत, अभ्यासानें येतात. बस्तीच्या वेळीं पाणी आंत ओढलें जातें, त्याचें कारण पारंपरिक मतानें अपानवायु. कुवलयानंदांनीं पाऱ्याच्या दाबमापकानें मोजून दाखविलें कीं, नौलीच्या वेळीं मोठ्या आंतड्यांतील दाब बाहेरील हवेपेक्षां कमी होतो व म्हणून पाणी आंत शिरतें. या निर्वात स्थितीस त्यांनीं गुरूचें नांव दिलें.

ऑक्टोबर १९२४ मध्यें लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन झालें. 'योगमीमांसा' हें त्रैमासिकही त्याच सालचें. योगायोग असा कीं, जर्मनींत हान्स बर्गर यांनीं मनुष्याच्या मेंदूंतील विद्युत्-लहरींची पहिली नोंद १९२४ मध्येंच घेतली. ती प्रसिद्ध झाली १९२९ सालीं. तीं यंत्रें योग्यांपर्यंत पोंचण्यास मात्र बराच काळ लागला. १९५७ मध्यें वेंगर व बागची हे अमेरिकेहून तशीं यंत्रें घेऊन हिंदुस्थानांत फिरले व लोणावळ्यासही त्यांनीं काम केलें. हृदय थांबविण्याचा दावा करणाऱ्यांची नाडी हातास लागेना, परंतु विद्युत्-आलेखांत हृदय चालूच असल्याचें दिसलें. श्वास रोधून छाती-पोटाचे स्नायू आवळल्यानें रक्ताचा परतावा कमी होत होता. म्हणजे येथेंही मूळ क्रिया स्नायूंचीच ठरली. पुढें १९६९ मध्यें करंबेळकर, भोळे व घरोटे यांचा आसनांतील स्नायुक्रियेवरील लेख 'योगमीमांसें'त आला. कुवलयानंद त्यापूर्वींच, १९६६ सालीं, निवर्तले होते.

आमच्या वाचकांस विशेष महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. ज्या संस्थेंत यंत्रें होतीं तिनेंच पोथ्याही मिळविल्या. स्वामी दिगंबरजी व पं. रघुनाथशास्त्री कोकजे यांनीं संपादिलेली हठप्रदीपिका १९७० सालीं तेथून निघाली. प्रयोग करणारास पाठ शुद्ध लागतो, हें त्यांनीं जाणलें. खांदे वांकवून पोट दोहीं बाजूंस भोंवऱ्याच्या वेगानें फिरवावें, असें ज्या क्रियेविषयीं हठप्रदीपिका सांगते तिलाच घेरंडसंहिता लौलिकी म्हणते. लेखकानें एक अक्षर चुकविलें तर क्रियाच बदलावयाची.

तेव्हां ज्यांच्या संग्रहीं हठयोगाची हस्तलिखितें असतील त्यांनीं षट्कर्मांचे श्लोक, समासांतील मराठी टिपा, लेखनकाल व लेखकाचें नांव जसेंच्या तसें उतरून ठेवावें. समासांतील टीप बहुधा स्वतः क्रिया करणाराची असते. तिचें मोल मूळ श्लोकाहून कमी समजूं नये.