बिअरची बॅच कशी मोजतात? ग्रॅव्हिटी, हायड्रोमीटर आणि आयस्पिंडल – सोप्या मराठीत

मे महिन्यात वर्क फ्रॉम होम घेऊन मी गावी, म्हणजे खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजाला आलो होतो. एका दुपारी बादलीत साखरेचं पाणी करून त्यात प्लास्टिकची एक नळी तरंगत सोडली आणि लॅपटॉप घेऊन बाजूला बसलो. आई म्हणाली, "हे काय करून राह्यला रे तू?" तिला दिलेलं उत्तर जरा मोठं होतं. तेच या लेखात नीट मांडतो.

ती नळी होती आयस्पिंडल. बिअर आंबत असताना तिच्यात किती साखर उरली आहे, हे वायफायवरून सांगणारं उपकरण. ते माझ्यासाठी नव्हतं. कॅलिफोर्नियात राहणारा माझा आतेभाऊ घरी बिअर बनवतो, त्याच्यासाठी मी ते जोडत होतो. आजच्या लेखात आपण पाहू की बिअरची बॅच म्हणजे काय, तिची प्रगती कशी मोजतात आणि मोजताना झालेली एक साधी चूक किती महागात पडू शकते.

आधी कायदा समजून घ्या

महाराष्ट्रात घरी बिअर बनवता येत नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. कलम ६५ मध्ये त्यासाठी कैद आणि दंड दोन्ही आहेत. "थोडीशीच, घरच्यापुरती" अशी सूट त्यात नाही. वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत तर दारूबंदीच आहे. पुण्यात २००९ मध्ये डूलली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि नंतर अनेक आल्या, पण त्या सगळ्या उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्यावर चालतात.

बाहेर नियम वेगळे आहेत. ब्रिटनने घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना १९६३ मध्ये काढून टाकला. अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअरला मोकळीक मिळाली. घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन (साधारण ३७९ लिटर), दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन. विकायला मात्र परवानगी नाही.

म्हणून हा लेख समजून घेण्यासाठी आहे, इथे करून पाहण्यासाठी नाही. इथे काय करून पाहता येईल ते शेवटी सांगतो.

बिअर बनते कशी? पाच पायऱ्या

१. माल्ट: जव भिजवून, मोड आणून वाळवतात. मोड आल्यामुळे दाण्यात एन्झाइम तयार होतात.

२. मॅश: भरडलेला माल्ट ६५ ते ६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात साधारण तासभर ठेवतात. एन्झाइम स्टार्चची साखर करतात. या गोड पाण्याला वर्ट म्हणतात.

३. उकळणं: वर्ट तासभर उकळतात आणि त्यात हॉप्सची फुलं टाकतात. कडवटपणा त्यातून येतो.

४. आंबवणं: वर्ट २० अंशांच्या आसपास थंड करून त्यात यीस्ट घालतात. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करतं. एल प्रकारच्या बिअरला १८ ते २२ अंश लागतात, लागरला त्याहून बरंच थंड.

५. बाटलीत भरणं: आंबणं पूर्ण झाल्यावर लिटरमागे ६-७ ग्रॅम साखर घालून बाटल्या बंद करतात. उरलेलं यीस्ट ती साखर खातं, वायू आतच अडकतो आणि फेस तयार होतो.

यातली चौथी पायरी आठवडा-दोन आठवडे चालते. भांडं बंद, आत काय चाललंय ते दिसत नाही. बुडबुडे थांबले म्हणजे काम संपलं असं नाही, कारण झाकण सैल असलं तरी बुडबुडे दिसत नाहीत. म्हणून मोजावं लागतं.

ग्रॅव्हिटी म्हणजे काय?

साखरेचं पाणी साध्या पाण्यापेक्षा जड असतं. साध्या पाण्याची ग्रॅव्हिटी १.००० धरली, तर नेहमीच्या बिअरचा वर्ट साधारण १.०५० असतो. यीस्ट साखर खात जातं तसा हा आकडा खाली येतो आणि १.०१० ते १.०१२ च्या आसपास थांबतो. सुरुवातीच्या आकड्याला ओजी आणि शेवटच्या आकड्याला एफजी म्हणतात. अल्कोहोलचं प्रमाण काढायचं सोपं सूत्र असं:

अल्कोहोल (टक्के) = (ओजी − एफजी) × १३१.२५

उदाहरणार्थ, (१.०५० − १.०१०) × १३१.२५ = ५.२५ टक्के.

मोजायचं कशाने?

हायड्रोमीटर: काचेची तरंगणारी नळी. द्रव जितका जड, तितकी ती वर तरंगते. स्वस्त आणि भरवशाची, पण दर वेळी नमुना बाहेर काढावा लागतो.

रिफ्रॅक्टोमीटर: दोन थेंबांत काम होतं. आपल्याकडे द्राक्ष बागायतदार ब्रिक्स मोजायला हेच वापरतात. पण अल्कोहोल तयार झाल्यावर याचा आकडा चुकतो, सूत्राने दुरुस्त करावा लागतो.

आयस्पिंडल: जर्मनीत सुरू झालेला ओपन सोर्स प्रकल्प. नळीत ईएसपी८२६६ चिप, एमपीयू६०५० हा कल ओळखणारा सेन्सर, डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर आणि एक १८६५० बॅटरी. द्रव जड असेल तर नळी जास्त आडवी तरंगते, हलका झाला की उभी होत जाते. चिप दर १५ मिनिटांनी जागी होते, कल आणि तापमान पाठवते आणि परत झोपते, त्यामुळे बॅटरी बरेच आठवडे पुरते.

पण आयस्पिंडलला ग्रॅव्हिटी कळत नाही, फक्त कोन कळतो. कोणता कोन म्हणजे कोणती ग्रॅव्हिटी, हे आपल्याला शिकवावं लागतं. त्यासाठी वेगवेगळ्या प्रमाणात साखरेची पाणी करतात, प्रत्येकात कोन नोंदवतात आणि त्यातून समीकरण काढतात. माझी बादली त्यासाठीच होती.

दादाची पहिली बॅच: लॉग

आतेभाऊ (मी त्याला दादा म्हणतो) सुट्टीवर आला होता, जाताना आयस्पिंडल घेऊन गेला. त्याने २० लिटरची पेल एल लावली. रेसिपीनुसार ओजी १.०५० यायला हवी होती. उपकरणाने पाठवलेले आकडे असे:

दिवस ० – १.०५६, २० अंश
दिवस १ – १.०५४, २० अंश
दिवस २ – १.०४२, २२ अंश
दिवस ३ – १.०३१, २२ अंश
दिवस ५ – १.०२०, २१ अंश
दिवस ७ – १.०१७, २० अंश
दिवस १० – १.०१६, २० अंश

आलेख सुंदर होता. पहिल्या दिवशी यीस्ट जागं होतंय, मग वेगाने उतार, सोबत तापमान दोन अंश वर, कारण आंबताना उष्णता बाहेर पडते. ओजी १.०५६ दिसली तेव्हा दादाला वाटलं, माल्ट जरा जास्त पडला असेल. नवीन खेळणं मिळालं म्हणून काचेचा हायड्रोमीटर कपाटातच राहिला.

आकडा १.०१६ वर तीन दिवस अडला. दादाने यीस्टचं आणखी एक पाकीट टाकलं. काहीच हललं नाही. मी इथून व्हिडिओ कॉलवर कोड तपासत बसलो. बाराव्या दिवशी त्याने हायड्रोमीटर काढून नमुना मोजला, तर तो १.०१०. बिअर कधीच तयार झाली होती!

बग कुठे होता?

कोडमध्ये नाही, बादलीत. मी १ किलो द्रावणात १२४ ग्रॅम साखर या हिशोबाने १.०५० चं पाणी बनवलं होतं. वजन अचूक होतं. पण हा आकडा २० अंशाला खरा आहे. माझं पाणी होतं गच्चीवरच्या टाकीचं, मे महिन्यातलं, आणि सेन्सर ४० अंश दाखवत होता. गरम पाणी फुगतं आणि हलकं होतं. त्या पाण्याचा खरा जडपणा १.०४४ च्या आसपास होता आणि मी चिपला शिकवलं, "हा कोन म्हणजे १.०५०." मग २० अंशाला प्रत्येक आकडा ०.००६ ने जास्त येणारच. तापमान स्क्रीनवर दिसत होतं, मीच त्याकडे पाहिलं नाही.

गंमत म्हणजे अल्कोहोलच्या सूत्रात हा बग दिसला नाही. १.०५६ मधून १.०१६ वजा केले तरी ५.२५ टक्केच येतात. दोन्ही आकडे सारखेच चुकले की फरक बरोबर येतो. उत्तर बरोबर आलं म्हणजे मोजमाप बरोबर होतं असं नाही, हे सॉफ्टवेअरवाल्यांनी तरी लक्षात ठेवायला हवं.

उलटी चूक झाली तर?

आमच्या चुकीत यीस्टचं एक पाकीट वाया गेलं, एवढंच. पण हीच चूक उलट्या दिशेने झाली असती तर काचा उडाल्या असत्या. २० अंशाला बनवलेला हायड्रोमीटर तापलेल्या द्रवात बुडवला तर तो खरा आकडा कमी दाखवतो. किती मिळवायचं ते पाहा:

२५ अंश – ०.००१
३० अंश – ०.००३
३५ अंश – ०.००४
४० अंश – ०.००६

समजा खरी ग्रॅव्हिटी १.०१६ आहे, आंबणं अजून बाकी आहे, पण नमुना ४० अंशाला तापला आहे. हायड्रोमीटर दाखवेल १.०१०. तुम्ही म्हणाल, झालं! प्रत्यक्षात लिटरमागे साधारण १५ ग्रॅम साखर खायची राहिली आहे. वर बाटलीसाठी घातलेली ६-७ ग्रॅम. म्हणजे लागतो त्याच्या तिप्पट वायू बंद काचेत. अशा बाटल्या फुटतात, आणि हातात असताना फुटल्या तर डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते.

म्हणून जुना नियम: एकाच तापमानाला, दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोन वेळा मोजा. आकडा तोच असेल तरच बाटलीत भरा.

मोजमापाचा आणि बिअरचा जुना संबंध

हे फक्त छंदवाल्यांचं वेड नाही. पीएच ही संकल्पना १९०९ मध्ये सोरेन्सन यांनी मांडली, ती कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत. आकडेवारीच्या अभ्यासात येणारी स्टुडंट्स टी-टेस्ट ही विल्यम गॉसेट यांची. ते गिनेस ब्रुअरीत नोकरीला होते आणि १९०८ मध्ये त्यांनी 'स्टुडंट' या टोपणनावाने ती छापली. थोड्या नमुन्यांवरून खात्रीने काय म्हणता येईल, हा प्रश्न त्यांना ब्रुअरीतच पडला होता.

मग इथे काय करून पाहता येईल?

दही! तेही आंबवणंच आहे. यीस्टऐवजी दुग्धाम्ल तयार करणारे जिवाणू असतात, आणि कायद्याची अडचण नाही. डीएस१८बी२० चा स्टीलच्या टोकाचा वॉटरप्रूफ सेन्सर स्वच्छ धुऊन दुधात ठेवा, ईएसपी८२६६ ला जोडा आणि दर १५ मिनिटांनी नोंद घ्या. विरजण लावताना दूध ४० ते ४५ अंश असावं. पीएच पट्ट्या असतील तर वाटीत थोडा नमुना काढून पाहा. पीएच ४.६ च्या जवळ आला की दूध घट्ट धरतं.

दुसरी बॅच म्हणजे कुरडईचा गहू. आमच्याकडे तो तीन दिवस भिजत घालतात, रोज पाणी बदलतात, मग वाटून चीक काढतात. मी यंदा त्याच्या पाण्याचं तापमान नोंदवलं. आईने मात्र आलेख न पाहताच बोटांत दाणा दाबून सांगितलं, "झाला." तिचं कॅलिब्रेशन कितीतरी उन्हाळ्यांचं आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

घरगुती बिअरमध्ये विषारी मिथेनॉल असतं का?
धान्य आंबवून बनवलेल्या बिअरमध्ये ते अगदी नगण्य असतं. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून जास्त माणसं गेली, ती मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन. तो प्रकार वेगळा आहे.

उन्हाळ्यात ४० अंशाला बिअर आंबेल का?
नेहमीचं एल यीस्ट इतक्या उष्णतेत वाईट वास आणि चव देतं. नॉर्वेचं क्वाइक यीस्ट ३५ ते ४० अंशालाही काम करतं. बाहेर बरेच जण भांड्याला ओलं फडकं गुंडाळून पंखा लावतात. आपल्या माठाचं तत्त्व तेच आहे.

आयस्पिंडल असताना हायड्रोमीटर लागतो का?
हो. सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा काचेने खात्री करायचीच.

थोडक्यात

ग्रॅव्हिटी म्हणजे उरलेल्या साखरेचा अंदाज, आणि प्रत्येक आकड्यासोबत तापमान लिहिलं नसेल तर तो आकडा अर्धाच आहे. मी नवीन समीकरण २० अंशाच्या पाण्यात काढलं, फ्रिजच्या आणि टाकीच्या पाण्याचं मिश्रण करून. दादाची दुसरी बॅच सध्या पाचव्या दिवशी आहे: १.०४८ वरून १.०१९ वर. या वेळी काचेचा हायड्रोमीटर पहिल्याच दिवशी कपाटातून बाहेर आला, आणि दोन्ही आकडे जुळले.